तिसरा पुकारा

जामीन मंजूर झाला होता. अडलं होतं ते फक्त जामीनदारावर, आणि जामीनदार म्हणून त्रिशला चौगुले उभी राहणार म्हटल्यावर आरोपीच्या वकीलबाईंनाही काळजी नव्हती. त्रिशला शाळेची मुख्याध्यापिका, गावात नाव असलेली बाई, आणि आरोपीची सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर संमेदला तिनंच वाढवला. लग्न ठरवताना तिनं सासरच्यांना बजावून ठेवलं होतं की धाकटा भाऊ बरोबर येईल, आणि तो आलाही होता. अशा बाईचा भावावर विश्वास आहे की नाही, हे यंत्रानं तपासायचं म्हणजे गंमतच होती. "सहीपुरतं काम आहे," असं शाळेत सांगून ती निघाली होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत परत येते म्हणाली होती.

संमेद मगदूम वाहनांच्या बॅटऱ्या बदलून देणाऱ्या एका केंद्रावर तंत्रज्ञ होता आणि नोकरी लागल्यापासून वेगळ्या खोलीवर राहत होता. एके दिवशी त्याचं मालकाशी वाजलं आणि दुसऱ्या दिवशी केंद्र पेटलं. रखवालदाराचे दोन्ही हात भाजले. आगीआधी शेवटचा बाहेर पडताना कॅमेऱ्यात दिसला तो संमेद. आग त्यानंच लावली असा आरोप ठेवून पोलिसांनी त्याला उचलला. खटला कधी उभा राहील हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तोवर तो कच्चा कैदी, म्हणजे गुन्हा शाबित नाही पण गज खरे.

तपासणीची केबिन कोर्टाच्या जुन्या रेकॉर्डरूममध्ये बसवली होती. आत एक खुर्ची, हेडफोन आणि डोक्याला घट्ट बसणारी जाळीची टोपी. तिथली तंत्रज्ञ मुलगी त्रिशलाच्या केसांत जेल लावत म्हणाली, "मॅडम, डोळे मिटा. काही ठरवू नका, मनात काही म्हणू नका. नुसतं ऐका."

कानात पट्टेवाल्याचा पुकारा झाला. "संमेद आदगोंडा मगदूम, हाजिर हो." मागोमाग संमेदचा आवाज आला, "हजर." पुन्हा पुकारा झाला. या वेळी कुणीच बोललं नाही, नुसती पंख्याची घरघर. मग पुन्हा "हजर". मग पुन्हा घरघर. असं उलटसुलट बराच वेळ चाललं.

यामागचं शास्त्र तसं साधं आहे. पुढं काय होणार याचा अंदाज आपला मेंदू सतत बांधत असतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं वाटावं आणि पाय जमिनीवर आपटावा, त्या वेळी पोटात जे धस्स होतं ते अंदाज चुकल्याचं. असा अंदाज चुकला की मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते, तीही आपल्याला काही कळायच्या आत. ती दाबता येत नाही आणि ओढून आणताही येत नाही. पुकाऱ्यानंतरच्या शांततेला लहर उठली, तर आरोपी येणारच असं तुम्ही आतून धरून चालला होता. "हजर" ऐकून उठली, तर तो येईल असं तुम्हाला वाटतच नव्हतं. टोपी एवढंच मोजते.

आणि ही टोपी आली ती चांगल्या हेतूनंच. पूर्वी कोर्टाबाहेर भाड्याचे जामीनदार मिळत. ज्याच्याकडे पैसा तो सुटे, आणि ज्याच्याकडे नाही तो साध्या चोरीच्या संशयावरून वर्षानुवर्षं आत सडे. मग कायदा बदलला. पैसा नको, सातबारा नको. तुम्ही तारखेला येणार याची मनापासून खात्री असलेला एक माणूस आणा. माणसाला जवळून ओळखणाऱ्यांचा अंदाज पोलिसांच्या अंदाजापेक्षा खरा ठरतो, हे प्रयोगांत दिसलं होतं. गरिबाकडं काही नसलं तरी माणसं असतात, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं. माणसांच्या पोटात काय असतं याचा विचार त्यांनी केला नव्हता. आमच्याच गावात एका बड्या घरातल्या जावयासाठी जामीनदार म्हणून सासूबाई पास झाल्या आणि बायको नापास. त्या घरात पुढं काय झालं ते विचारू नका.

निकाल भर कोर्टात वाचायचा, असा नियम. भिंतीवरच्या पडद्यावर कारागृहातून संमेद दिसत होता. दाढी वाढलेली, खांदे पाडलेले. न्यायाधीशांनी ओळख पटवायला नाव विचारलं तेव्हा त्यानं नुसता हात वर केला आणि नाव त्याच्या वकील, रुबीना मुल्ला यांनी सांगितलं. संमेद लहानपणापासून अडखळत बोलायचा. शाळेत हजेरीच्या वेळी पोरं हसायची म्हणून त्रिशलानंच त्याच्या बाईंना सांगून ठेवलं होतं, त्याला हात वर करू द्या.

न्यायाधीशांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "जामीनदाराचा आरोपीच्या हजेरीवर विश्वास आढळून येत नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी च्च केलं. त्रिशलाच्या कानशिलावर जेल वाळत होतं, ती ते पदरानं पुसत राहिली. वर बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं तेव्हा पडद्यावरचा संमेद तिच्याकडेच बघत होता आणि हसत होता, पडलेल्या पोराला उगी उगी करताना हसावं तसा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

"यंत्राला काय कळतंय?" नवरा म्हणाला. भूपाल चौगुलेचं ऊसतोडणी यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि बिघडलेली यंत्रं बघण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मेहुण्याबद्दल त्याला प्रेम होतं असं कुणी म्हटलं नसतं. संमेदच्या नावानं रोज एकदा खडे फोडल्याशिवाय त्याला चहा पचत नसे. "तुझा भाऊ नालायक हाय, ते वेगळं. पण तू त्याच्यावर विश्वास ठेवत न्हाईस म्हटल्यावर मग कोण ठेवणार?"

त्रिशलाच्या डोक्यात केबिनच्या दारावरची पाटी घोळत होती: मेंदू खोटं बोलत नाही.

ती शिकलेली बाई होती, आणि इथंच तिचा घात झाला. अडाणी असती तर मशीनला चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. तिनं त्या तपासणीवरचे लेख वाचून काढले. जगभरच्या चाचण्या, चुकीचं नगण्य प्रमाण, सगळं पटण्यासारखं होतं. मग तिनं उलटा हिशोब सुरू केला. आयटीआयचं दुसरं वर्ष त्यानं न सांगता सोडलं होतं. एकदा भांडून बेळगावला निघून गेला होता. आला परत, पण गेला होताच ना? केंद्रावर आग लागली त्या संध्याकाळी फोन का उचलला नाही? तिला आतून माहीत होतं म्हणूनच लहर उठली, तिच्या मेंदूनं तिच्याआधी ओळखलं, असं तिला वाटू लागलं. थोड्याच दिवसांत ते वाटणं पक्कं झालं.

दुसरा जामीनदार मिळेना. एरवी कागदावर सही ठोकायला चुलतभाऊ धावले असते. आता जो तो स्वतःच्या डोक्याला घाबरत होता. "सख्खी बहीण नापास झाली तिथं आमचं काय?" असं म्हणून भावकीनं अंग काढून घेतलं.

मग एक दिवस तपास अधिकारी घरी आल्या. बोलायला गोड, चहा घेतला, शाळेची चौकशी केली. "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. तुम्ही खरं तेच सांगणार," त्या म्हणाल्या. "संमेदचं बाहेर कुणी आहे का? परदेशात वगैरे?"

"मस्कतला एक मित्र आहे. आयटीआयमधला. ये म्हणून मागं लागला होता."

"आणि संमेद काय म्हणाला?"

"एकदा म्हणाला होता, जावं की काय."

म्हणाला होता हे खरं. रविवारी जेवताना भूपाल त्याला छळत होता, तेव्हा तोंडात भाकरीचा घास असताना, हसत हसत, अडखळत म्हणाला होता. त्यावर भूपाल म्हणाला होता की जा बाबा एकदाचा, मला वेळेवर जेवायला तरी मिळेल. जबाबात ते वाक्य उतरलं, त्यातलं हसणं उतरलं नाही. त्रिशलानं जबाब दोनदा वाचला. एक शब्दही खोटा नव्हता. तिनं सही केली आणि अधिकारी बाईंना दारापर्यंत पोचवायला गेली.

भूपालला ती हे बोलली नाही.

*

पुढच्या भेटीला संमेद काचेपलीकडे आला तो घाईघाईनं. आत राहून त्याचं बोलणं आणखी अडायला लागलं होतं. सकाळ-संध्याकाळ गिनती व्हायची, नाव घेतलं की ओ द्यावी लागायची, आणि तिथं हात वर केलेला चालत नसे. बराकीतली माणसं त्याची नक्कल करत. पण आज तो खुशीत होता.

"अक्का, त-तू नापास न्हाईस."

रुबीना मुल्लांनी अर्ज करून तपासणीतला आवाज मिळवला होता आणि त्याला ऐकवला होता. संमेदनं तो ऐकला आणि त्याला हसूच फुटलं. आरोपी आत असतो, म्हणून त्याच्या बोलण्याचे नमुने घेऊन संगणक त्याच्या आवाजात "हजर" तयार करतो. तयार करताना खोकला, धाप, मधले खंड हे सगळं गोंगाट समजून गाळून टाकतो. संमेदचं अडखळणंही त्यानं गाळलं होतं.

"असा सर-सरळ ह-हजर मी जन्मात क-कधी म्हटलोय? तू द-दचकणारच की. म-मी सुद्धा दचकलो."

भावाचा तो गुळगुळीत आवाज कानात आला तेव्हा आपल्याला काय झालं होतं ते त्रिशलाला आता लख्ख आठवलं. हा कोण, असं झालं होतं. एवढंच झालं होतं. भाऊ येणार नाही असं तिच्या मेंदूनं त्या दिवशी म्हटलंच नव्हतं. ते नंतर तिनं म्हटलं, घरी बसून, शहाणपणानं, पुरावे गोळा करून.

"म-मला माहीत हुतं," संमेद म्हणाला. "मी वक-वकीलबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. अ-अक्का असं करायची न्हाई. काय तरी य-यंत्राचंच असंल."

जबाबाचं सांगायला तिनं तोंड उघडलं. भेटीची वेळ संपत आली होती, शिपाई मागं येऊन उभा होता, भाऊ हसत होता. "जेवतोस ना नीट?" एवढंच तिनं विचारलं.

*

फेरतपासणीला न्यायालयानं परवानगी दिली. या वेळी संमेदचा खराखुरा आवाज, गाळणी न लावता, कारागृहात जाऊन टिपून आणला होता. तीच केबिन, तीच मुलगी, तेच थंडगार जेल.

"संमेद आदगोंडा मगदूम, हाजिर हो."

पंख्याची घरघर. त्रिशला डोळे मिटून स्वतःच्या आत काही हलतंय का ते बघत होती. हलावं म्हणून तिनं देवाचं नाव घेतलं. काही हललं नाही. शांतता आली आणि ती तिला ओळखीची वाटली.

दुसऱ्या पुकाऱ्यानंतर त्याचा आवाज आला. "ह… ह-ह… हजर." तिच्या छातीत धक्क झालं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. निकाल तिला तिथंच कळला होता. यंत्र आता बरोबर होतं.

भर कोर्टात तेच वाक्य पुन्हा वाचलं गेलं. सरकारी वकील उठले आणि म्हणाले की यात नवल नाही, कारण जामीनदारानं स्वतःच पोलिसांना जबाब दिला आहे. त्यांनी तो वाचून दाखवला. मस्कत, मित्र, जावं की काय, खाली सही. रुबीना मुल्लांनी वळून त्रिशलाकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. भूपाल बाकावर पुढं सरकून बसला होता तो मागं टेकला.

पडद्यावर संमेद मान खाली घालून हाताची नखं बघत होता. मग त्यानं हात वर केला. न्यायाधीशांनी बोलायची परवानगी दिली. बोलायला त्याला फार वेळ लागला, आणि सगळं कोर्ट थांबून राहिलं.

"अ-अक्काला घ… घरी ज-जाऊ द्या, साहेब."

त्रिशला घरी गेली नाही. ती बाकावरच बसून राहिली. रुबीना मुल्ला दुसऱ्या जामीनदारासाठी मुदत मागत होत्या, तेवढ्यात शेजारी बाक करकरला.

"मी बसतो की," भूपाल म्हणाला. तो फक्त तिला गाडीतून सोडायला आला होता.

"तुम्ही?" वकीलबाई हळूच म्हणाल्या. "बघा हं. पुन्हा नापास झालं तर फार अवघड होईल."

"झालो तर झालो. आमच्या घरात आता ती रीतच पडलीय." बायकोकडे न बघता त्यानं पायांत पायताण सरकवलं आणि तो केबिनकडे चालू लागला.

परत आला तेव्हा डोक्यावर जेलनं चिकटलेले चार केस उभे राहिले होते. न्यायाधीश आलेखाकडे बराच वेळ बघत होते. एवढा स्वच्छ आलेख त्यांनी क्वचितच बघितला असावा. प्रत्येक शांततेला भूपालच्या मेंदूत लाट उठली होती, आणि "हजर"च्या प्रत्येक अडखळण्याला नुसतं संथ पाणी.

"आरोपी येणारच, याची तुम्हाला इतकी खात्री कशी?" त्यांनी विचारलं. नियमाप्रमाणे विचारायची गरज नव्हती.

भूपाल डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. ह्यो दर रविवारी जेवायला येतो. ऊन पार परसातल्या भिंतीच्या टोकाला चढलं तरी ह्याचा पत्ता नसतो. मी ताटावर बसून शिव्या घालतो. पण दिवस मावळला आणि हा आलाच न्हाई, असा रविवार मला तरी आठवत न्हाई."

न्यायाधीशांनी मान खाली घालून सही केली. त्रिशलाला आपल्या घरातलं ते ऊन दिसलं. ते सगळे रविवार तिचेही होते. ताटं तिनंच वाढली होती.

*

संमेद सुटला आणि आपल्या खोलीवर राहायला गेला. पहिल्या रविवारी ऊन भिंतीच्या टोकाला गेलं, भूपालनं शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि फाटक वाजलं. तो जेवला. आमटी पुन्हा मागून घेतली. तो जबाबाबद्दल चकार शब्द बोलला नाही. तीच दोनदा बोलायला गेली, तर म्हणाला, "अ-असू दे अक्का." तिला वाटलं, यानं एकदा ताट भिरकावून द्यावं. तो ताट धुवून पालथं घालून गेला.

खटल्याची पहिली तारीख आली तेव्हा ती आणि भूपाल लवकरच कोर्टात जाऊन बसले. बाकं भरत होती. भूपालनं शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "माणूस हाय" म्हणून सांगत होता. त्रिशला सारखी दाराकडे बघत होती. त्याचा फोन लागत नव्हता. रुबीना मुल्लाही दिसत नव्हत्या.

पट्टेवाला दाराशी गेला. "संमेद आदगोंडा मगदूम, हाजिर हो."

कुणी बोललं नाही. बाहेरच्या बोळात माणसांचा गलका होता. भूपालनं चुळबुळ केली आणि पुटपुटला, "आता इथं पण ऊन चढेस्तोवर थांबायचं काय?"

दुसरा पुकारा झाला. पुन्हा कुणीच नाही. त्रिशलाच्या डोळ्यांसमोर विमानतळ आला. सरकारी वकिलांनी फाईल उघडली. गेला, तिच्या मनात आलं, गेला हा. आणि या विचारात तिला एक बारीकसं समाधान वाटलं, आपलं बरोबर होतं याचं. त्या समाधानाची तिला किळस आली, पण ते वाटून गेलं होतं.

तिसरा पुकारा झाला.

"ह… ह-ह…" दाराच्या अगदी कडेला, भिंतीआडून आवाज आला. "ह-हजर."

त्रिशला दचकली. नुसती मनात दचकली असती तर कुणाला कळलं नसतं. ती बाकावरून अर्धी उठली होती, आणि मांडीवरची पर्स खाली पडून त्यातली चिल्लर फरशीवर घरंगळत गेली. सगळ्यांनी वळून बघितलं.

संमेद दारात उभा होता. घामानं सदरा चिंब झाला होता. त्याच्या मागं रुबीना मुल्ला उभ्या होत्या. आत येऊन त्या त्रिशलाच्या कानाशी वाकल्या. "पहिल्या पुकाऱ्याच्या आधीपासून भिंतीआड उभा आहे. हात वर करून आत ये म्हटलं, तर ऐकेना. म्हणाला, आज स्वतः म्हणायचंय. अक्काला ऐकू जायला पाहिजे."

तो पहिल्या पुकाऱ्यालाच हजर होता. शब्द तेवढा तिसऱ्याला निघाला.

संमेदनं न्यायाधीशांकडे बघायच्या आधी बहिणीकडे बघितलं होतं. तिचं दचकणं त्यानं पुरतं बघितलं. मग तो तसाच हसला, पडद्यावरून हसला होता तसा, आणि खाली वाकून तिची चिल्लर गोळा करू लागला. भूपालनं मागं न बघता पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात थोपटला.